वाघाचा कान आणि दोन ट्रॉल्या लाकूड

सरकारनं मला चौतीस वर्षं झोपलेल्यांवर नजर ठेवण्याचा पगार दिला. ऑफिसातल्या लोकांबद्दल बोलत नाही, गैरसमज नको. मी वनखात्यात होतो. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निघालो. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दिवसा ड्युटी करणं म्हणजे झोपलेल्यांच्या वसाहतीत गस्त घालणं. वाघ दिवसाचे सोळा तास झोपतो, पोट तट्ट भरलेलं असलं तर अठरा. अस्वल उजाडता उजाडता कपारीत शिरतं, ते ऊन उतरल्यावरच बाहेर येतं. खवल्या मांजर स्वतःचीच गुंडाळी करून बिळात पडतं. साळिंदर, घुबड, वटवाघूळ, कोणाचंच सकाळी उठायचं ठरलेलं नाही.

लोक विचारतात, भाऊ, वाघ किती पाहिले? मी सांगतो, हजार. त्यातले नऊशे नव्वद झोपले होते. आठ जांभई देत होते. राहिलेले दोन माझ्या मागं लागले, त्यातल्या एकाला मी पळण्यात हरवलं आणि दुसऱ्याला अर्ध्या रस्त्यातच झोप आली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फॉरेस्टवाला म्हणजे बंदूक, जाळं, पिंजरा. आमचं खरं काम वेगळं. वाघ फिरत फिरत गावाजवळ येतो, शेतात गार जागा पाहून आडवा होतो, आणि सकाळी कोणाला तरी दिसतो. मग आम्हाला बोलावणं येतं. आम्ही काय करायचं? काही नाही. लोकांना लांब ठेवायचं, जंगलाकडची एक बाजू मोकळी सोडायची, आणि साहेब स्वतःहून उठून जाईपर्यंत बसून राहायचं. ऐकायला सोपं आहे. पण वाघ एक असतो आणि माणसं पाचशे, आणि पाचशेंपैकी प्रत्येकाकडं मोबाईल असतो. झोपलेला वाघ सांभाळणं कठीण नाही, जागी माणसं सांभाळताना घाम फुटतो.

या कामात एकच गोष्ट पक्की यावी लागते. समोरचा झोपला आहे की मेला आहे, हे ओळखता आलं पाहिजे. मला ते येत नव्हतं, आणि येत नाही हे जिल्हाभर जाहीर झालं.

नोकरीला तीन महिने झाले होते. मे महिना, दुपारची वेळ, चंद्रपूरकडचा एक बीट, म्हणजे माझ्या गस्तीचा पट्टा. नाल्याच्या डबक्याशी वाघ पडलेला. पाठीवर उताणा, चारही पाय आभाळाकडं, तोंड उघडं, जीभ बाहेर. मी शेतकऱ्याचा पोरगा. आमच्या गावात बैल असा पडला की त्याचा पोळ्याचा साज काढून माळ्यावर ठेवतात. चार पाय वर म्हणजे गेला, याबद्दल आमच्या खानदानात कधी वाद झाला नव्हता. उन्हाळ्यात वाघ पोटाला हवा लागावी म्हणून असा उताणा झोपतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पाच मिनिटं त्याच्याकडं पाहिलं. रिपोर्टात एक तास लिहिलं. सायकल हाणत नाक्यावर आलो आणि वायरलेसवर सांगितलं, वाघ मृत.

मेलेल्या वाघाचा मान जिवंत वाघापेक्षा मोठा. डॉक्टर येतात, पंच येतात, मोठे साहेब येतात. लांबी मोजतात, अठरा नखं मोजतात, मिशा पाहतात, आणि मग सगळ्यांच्या देखत त्याला तिथंच जाळतात, म्हणजे नख नाही की केस नाही, काही बाजारात जायला नको. त्यामुळं तीन तासांत नाल्यावर दोन जीपा, एक नवे कोरे डॉक्टर, पंच आणि ट्रॉलीभर सुकं लाकूड आलं. कोणीतरी झेंडूचा हारही आणला होता.

डॉक्टरांनी टेप काढला. त्याचं एक टोक शेपटीच्या टोकाला लावलं. आणि शेपटी त्यांच्या हातातून निघून गेली.

पुढचं मी खालून पाहिलं नाही, सागाच्या शेंड्यावरून पाहिलं. तिथं माझ्या आधी एक पंच पोहोचला होता. वाघ कुशीवर वळला, बसला आणि त्यानं जांभई दिली. त्या जांभईच्या तळाशी मला माझी बदली स्पष्ट दिसली. मोठ्या साहेबांची अर्धी सफारी पॅन्ट एका बाभळीनं ठेवून घेतली. डॉक्टर ट्रॉलीवर, लाकडाच्या ढिगावर उभे होते. हार खाली पडला होता, वाघानं तो हुंगला आणि सत्कार न स्वीकारता निघून गेला.

त्या दिवसापासून मी खात्यात सरणभाऊ. नवा साहेब आला की त्याला आधी माझं टोपणनाव कळायचं, मग माझं नाव.

बदली गडचिरोलीतल्या एटापल्लीला झाली. शिक्षा म्हणून पाठवलं आणि माझं शिक्षण तिथं झालं. तिथं लालसूभाऊ नावाचा वनमजूर होता, माडिया, माझ्या बापाच्या वयाचा. एकदा गस्तीवर असताना तो मोहाखाली तोंडावर गमछा टाकून सरळ झोपला. मी नवीन मास्तरासारखी वही काढली आणि लिहायला घेतलं, की वनमजूर कामावर झोपलेला आढळला. गमछ्याखालून आवाज आला.

"डाव्या बाजूनं अस्वल येऊन राह्यलं. लिहिणं झालं असंल त उठ."

डावीकडं पाहिलं तर खरंच अस्वल, पिल्लू पाठीवर घेऊन. आम्ही बाजूला झालो, ती माय निघून गेली. मी विचारलं, "लालसूभाऊ, तुमी झोपले होते ना?"

"डोळे झोपले होते. कान ड्युटीवर होता." मग माझ्याकडं पाहून हसला. "तू त्या पुलीचे पाय पाह्यले म्हणते. पायात काय राह्यते? मेला का झोपला, कानाले पुसाचं."

पुली म्हणजे वाघ. पुढं दोन वर्षं त्यानं मला हेच शिकवलं. झोपलेल्या जनावराच्या कानावर माशी बसली की कान फटकन् हालतो, जनावर उठत नाही. मेलेल्याच्या कानावर माशी बसते आणि बसूनच राहते. पोट फसवतं, पाय फसवतात, जीभ तर फसवतेच. कान खोटं बोलत नाही. आम्ही तासन् तास पालथे पडून कान पाहायचो. माझी नजर इतकी तयार झाली, की समोरच्या डोंगरावरच्या सशाचा कान हालला तरी मी सांगायचो, डावा होता. लालसूभाऊ म्हणायचा, उजवा. डोंगर चढून सशाला विचारायची हिंमत दोघांतही नव्हती.

ही विद्या पहिल्यांदा कामी आली ती ऊर्जानगरात. मी परत चंद्रपूरला आलो होतो. हिवाळ्यातल्या एका सकाळी वीज केंद्राच्या त्या वसाहतीतून फोन, की क्वार्टरच्या मागं अस्वल झोपलं आहे. तिथं अस्वल येणं काही नवल नाही. जाऊन पाहतो तर गच्च्यांवर माणसं, कोणी थाळी वाजवतंय, कंपनीची बस रस्त्यात थांबलेली, आणि खाली कोवळ्या उन्हात एक काळं धूड पडलेलं. मी दुर्बीण लावली. धुडाचा एक कान बाहेर होता. त्याच्यावर माशी बसली, उठली, परत बसली. कान हालला नाही.

मी गच्चीवरच्यांना सांगितलं, "हे एक त मेलेलं अस्वल आहे, नाईतर जिवंत माणूस."

मी एकटाच पुढं गेलो. लोकांना वाटलं, काय छाती आहे. काळ्या ब्लँकेटमधून एका पोरीनं डोकं काढलं. वीज केंद्रातली ऑपरेटर, नाईट करून आलेली. तेवढ्यात घरातून तिची आई आली, हातात लाटणं. गच्चीकडं तोंड करून म्हणाली, "माह्या पोरीले अस्वल कोनं म्हटलं? खाली या, मले पाहू द्या." दोन मिनिटांत साऱ्या गच्च्या रिकाम्या. पाचशे माणसं मला अर्ध्या दिवसात हटवता येत नाहीत, त्या बाईनं एका लाटण्यात हटवली. ती यशोधराबाई. सावली तालुक्यातल्या एका गावची, लेकीकडं चार दिवस आली होती. मला चहा पाजून म्हणाली, "भाऊ, तुमाले लांबूनच समजलं हे माणूस हाय म्हणून?" मी म्हटलं, कानावरून. ती कितीतरी वेळ हसत होती.

प्रत्येक वेळी मात्र हसण्यासारखं घडलं नाही. डुकरांपासून पीक वाचवायला काही लोक वरच्या लाईनवर आकडा टाकून शेताच्या कडेनं करंटची तार सोडतात. अशा एका तारेजवळ मी एक वाघीण पाहिली आहे. सकाळपासून दुपारपर्यंत मी तिच्या कानाकडं पाहत बसलो. माशी बसली होती. डॉक्टर म्हणाले, भाऊ, आता उठा. त्या दिवशी आलेलं लाकूड परत गेलं नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही.

आता सावलीचं. माझ्या नोकरीचे दोन महिने उरले होते. दिवाळी नुकतीच झालेली, लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं, उशिरा येणारं भारी धान कापणीला उभं. सकाळी फोन आला, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाघ मेला, करंटनं. मी पोहोचलो तर तीन गावांची माणसं जमलेली. आमचे रेंजर साहेब तरुण, हुशार, नवीन, आणि एकदम कडक. सोबत डॉक्टर. कोण डॉक्टर? तेच, शेपटी हातातून गेलेले. केस पांढरे झाले होते, पण मला पाहिल्याबरोबर त्यांनी सवयीनं आजूबाजूला झाडं कुठं आहेत ते पाहून घेतलं.

ट्रॅक्टरवर चढून पाहिलं. पिवळ्या धानात वाघाची पाठ आणि मागचा एक पाय दिसत होता. डोकं धानात बुडालेलं. बांधीच्या कडेनं खुंट्या ठोकून तार ओढलेली, आणि ती तार वाघाच्या पायापासून हातभर. लोकांनी आरोळ्या मारल्या होत्या, दिवाळीचे उरलेले फटाके वाजवून झाले होते. वाघ हालला नव्हता.

आणि पारीवर, म्हणजे बांधीच्या मातीच्या बांधावर, दोन पोलिसांच्या मधे उभी होती यशोधराबाई. बांधी तिची होती.

"बाई, तार कशाची?" साहेब विचारत होते.

"साडीची."

"साडीची तार?"

"डुकरं येऊ नाई म्हणून जुन्या साड्या बांधतो ना साहेब आमी. कालच्या वाऱ्यानं साड्या खाली पडल्या. तार राह्यली. ते पाहा ना, लाल साडी तिथीच लोंबून राह्यली."

"वरून लाईन गेली आहे. रात्री आकडा टाकला, सकाळी काढला. तुमची मुलगी वीज केंद्रात आहे ना?"

गर्दीतून एकजण बोलला, "पोरगी वीज बनवते, माय शेतात वापरते." लोक हसले. बाई हसली नाही. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाली, "भाऊ, मले नेलं त नेऊ द्या. पण पोरीचं नाव लिहिलं या लोकानं. लय मेहनतीनं लागली ते. तिची नोकरी गेली त मी काय तोंड दाखवू?" मग एकदम माझ्या डोळ्यांत पाहून तिनं विचारलं, "तुमी कान पाह्यला का?"

कान धानात होता. दिसणार कसा? मी ट्रॅक्टरच्या बोनेटवर पालथा पडलो आणि दुर्बीण लावली. नाल्यात अर्धं खाल्लेलं रानडुक्कर मिळालं होतं. मी साहेबांना म्हटलं, "डुक्कर खाऊन पडला आहे, साहेब. पोट भरलं आहे." साहेब म्हणाले, "डुकरासाठीच तर करंट लावतात." माझाच पुरावा माझ्यावर उलटला. मी परत दुर्बिणीला डोळा लावला. वारा पूर्ण पडला होता. सगळं धान चित्रासारखं उभं. अर्ध्या तासानं त्या चित्रातली एक लोंबी हालली. एकच. वाघाचं डोकं जिथं असायला पाहिजे, बरोबर तिथं. मग थांबली. थोड्या वेळानं परत हालली.

मी उतरलो आणि साहेबांना सॅल्यूट ठोकला. "साहेब, वाघ झोपला आहे. माशी त्रास देऊन राह्यली, तो कान हालवते, कानानं लोंबी हालते."

"वारा असेल."

"वारा एकाच लोंबीवर येते का, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "सरणभाऊ, एकदा तुम्ही झोपलेल्याला मेला म्हटलं. आता मेलेल्याला झोपला म्हणता. दोन्ही वेळी टेप माझ्याच हातात." लोक परत हसले. साहेबांना तो किस्सा माहीत होता, सगळ्यांनाच माहीत होता. माझी चौतीस वर्षं त्या एका लोंबीवर येऊन बसली होती, आणि त्या लोंबीखाली ती बाई आणि तिची पोरगी.

साहेब म्हणाले, "चारपर्यंत थांबतो. चारला आम्ही आत जाऊ, पंचनामा होईल आणि बाईंना सोबत यावं लागेल." तोवर रस्त्यावर ट्रॉली येऊन लागली. लाकडाची. मला वाटलं, सागाची ती लाकडं मला ओळखतात.

साडेतीन वाजले. मी साहेबांना सांगितलं, "तो पडून आहे त्याचं कारण ही माणसं. चारी बाजूनं गर्दी असली की वाघ जागा झाला तरी दबून राहतो. नाल्याकडची बाजू मोकळी करा, गप्प बसा, तो जाते की नाही पाहा." साहेबांनी शिट्टी वाजवली, पोलिसांनी काठ्या आपटल्या. गर्दी दोन पावलं मागं गेली आणि तीन पावलं पुढं आली. पाच-सहाजण तर मेलेल्या वाघासोबत फोटो काढायला पारीवर चढले. मी आडवा गेलो, पण एक माणूस किती पाऱ्या अडवणार?

मी यशोधराबाईकडं पाहिलं. मला ते लाटणं आठवलं. म्हटलं, "बाई, हे काम तुमचंच आहे."

बाईनं पदर खोचला आणि पारीवर चढली. एक गोष्ट वाचकांना सांगायची राहिली. त्या भागात धानकापणी बायकांच्या टोळ्या करतात, आणि तीन गावांतली मोठी टोळी यशोधराबाईची. त्या आठवड्यात साऱ्यांचं धान पिकून उभं होतं. बाई ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात बोलली.

"आयका. मी मोजून राह्यली. जो नाल्याच्या बाजूनं दिसंल, त्याच्या बांधीत माह्या बाया पाय ठेवणार नाई. आपलं धान आपण कापा. हे कोन, देवाजीभाऊ का? दोन एकर हाय ना तुमचं?"

देवाजीभाऊ पहिले गेले. मग त्यांचे शेजारी. दहा मिनिटांत नाल्याची बाजू अशी मोकळी झाली, की मुंगीलाही लपायला जागा उरली नाही. पारीवरचे फोटोवाले उतरले. साहेब माझ्याकडं पाहत होते, मी घड्याळाकडं. चारला पाच कमी.

सगळं गप्प झालं. धानात चिमण्या उतरल्या. लोंबी हालली. शेजारची हालली. मग शेपटीचं टोक वर आलं, जसं कोणी झोपेतून विचारावं, गेले का सारे. आणि वाघ उठला. पुढचे पाय लांब केले, पाठ खाली दाबली, मागचा भाग वर, मांजरीसारखा सावकाश आळस दिला आणि जांभई दिली. ती जांभई मी ओळखली. चौतीस वर्षांपूर्वीची माझीच मला परत मिळाली.

त्याहून मोठी गोष्ट पुढं. नाल्याकडं जाताना त्यानं तार लगेच ओलांडली नाही. तो तारेजवळ गेला आणि अंग खाजवायला आपली मान तिच्यावर घासली, मग कूस घासली, मग परत मान. पुरता एक मिनिट. पोलिसांनी पाहिलं, पंचांनी पाहिलं, साहेबांनी डोळे भरून पाहिलं. रात्री जिचा झटका बसला, ती तार दुपारी अशी कोण घासतं? वाघानं स्वतः येऊन साक्ष दिली. जाताना ती लाल साडी त्याच्या पाठीवर अडकली आणि दहा पावलं सोबत गेली. मी दहा म्हणतो. गावात विचाराल तर ते सांगतील की वाघ साडी नेसून नाला उतरला.

डॉक्टर कुठं होते? लाकडाच्या ट्रॉलीवर, ढिगावर, त्याच जागी. वरूनच म्हणाले, "भाऊ, आता ते नाव मी कोणाला घेऊ देणार नाही." साहेब माझ्याजवळ आले आणि त्यांनी सॅल्यूट केला. रेंजरनं वनपालाला. मग वही काढून बाईच्या पोरीचं नाव लिहिलेलं पान फाडलं आणि ते बाईच्याच हातात दिलं. बाईनं त्याची चौघडी केली, कमरेला खोचली आणि रस्त्याकडं बोट दाखवलं.

"साहेब, हे लाकडं आता वापस कायले नेता? धान उकडाले कामी येतील. उतरवून जा."

उतरवली. त्यातलं पहिलं लाकूड पेटलं ते आमच्या चहासाठी.

निरोप समारंभाला शाल-श्रीफळ देतात. मला शाल मिळाली, ती कपाटात आहे. यशोधराबाई आणि तिची लेक सावलीहून बसनं आल्या होत्या, त्यांनी एक काळं ब्लँकेट दिलं. ते मी वापरतो. आता मीही दिवसाचा अर्धा वेळ त्याच्याखाली ओट्यावर उन्हात पडलेला असतो. कोणी भेटायला आलं की माझी बायको आतूनच सांगते, "झोपले आहेत. काही बोलायचं असंल त बोला, कान ड्युटीवर हाय."